दसऱ्यानंतर बंद पडलेलं मशीन

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पण पडदा काळाच राहिला. मग आतून एक लांब बीप आला, थांबला, पुन्हा आला. मी बटण दाबून धरलं, बंद केलं, दहापर्यंत मोजलं, परत चालू केलं. पुन्हा तेच.

माझ्या मागे बाबा खुर्चीत बसले होते. अंघोळ झालेली, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, गळ्याच्या भोकावर स्वच्छ धुतलेला रुमाल. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून ते त्या भोकातून श्वास घेतात आणि आवाज अजिबात नाही. दुसऱ्या कुणाचं असं झालं तर कागद-पेन असतं. बाबांना त्यात कंपवात. कागदावर नुसत्या रेघा उठतात. मोबाइलवर एका अक्षराला चार अक्षरं उमटतात आणि ते फोन गादीवर फेकून देतात.

पण हात टायपिंगच्या बटणांवर ठेवले की थरथर कमी व्हायची. पूर्ण जायची नाही, पण पुरेशी कमी व्हायची. चौतीस वर्षं त्यांनी एका सरकारी कार्यालयात मराठी टंकलेखन केलं होतं. बोटांना जागा पाठ होत्या, डोळे मिटले तरी चालायचं. म्हणून हा जुना कॉम्प्युटर, त्याचा उंच बटणांचा गोल पिनवाला कीबोर्ड आणि टायपिंगचा जुना प्रोग्रॅम आम्ही जपून ठेवला होता. बाबा टाइप करायचे, टेबलावर दोनदा टकटक करायचे, आणि आम्ही जाऊन वाचायचो. ‘आमटीत मीठ नाही.’ ‘पंखा कमी करावा.’ ‘शेजारचे इसम मोठ्याने बोलतात.’ आमच्या घरात बाबांचा आवाज म्हणजे तो कॉम्प्युटर होता.

मी चिडका माणूस आहे हे सांगून टाकतो. एखादी वस्तू बंद पडली की ती मुद्दाम बंद पडली असं मला वाटतं. पण त्या सकाळी चिडण्याआधी मी घड्याळाकडे बघितलं, कारण दुपारी तीन वाजता दादा येणार होता.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो बंगळुरूला असतो आणि नऊ वर्षांत त्याने आमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. आई गेली तेव्हा तो कंपनीच्या कामासाठी परदेशात होता आणि आला नाही. तेराव्याला त्याचा फोन आला, तो बाबांनी घेतला आणि एकच वाक्य बोलले, “आता येऊच नकोस.” त्यानंतर सात वर्षं बाबांकडे आवाज होता, पण त्यांनी तो दादासाठी वापरला नाही. मग आवाजच गेला.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दादाचा मला फोन आला. दसऱ्याला तो कामासाठी मुंबईत असणार होता, दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं विमान होतं, मध्ये दीड तास काढता येणार होता. तीन ते साडेचार. “बाबांना विचार, येऊ का,” म्हणाला. मी विचारलं. बाबांनी खुर्ची पुढे ओढली आणि टाइप केलं : ‘यावे.’

त्याच दिवसापासून त्यांनी लिहायला सुरुवात केली. पूर्ण नवरात्र सकाळ-दुपार टाइप करत होते. मी खोलीत गेलो की पडद्यावर वर्तमानपत्र धरायचे. मी वाचलं नाही. वाचावंसं वाटलं नाही असं मात्र नाही. नवमीला संध्याकाळी टकटक ऐकू आली. पडद्यावर होतं : ‘मसुदा पूर्ण. उद्या मशीनला सुट्टी. परवा सकाळी तपासून छापावे.’

त्यांच्या कार्यालयातली पद्धतच तशी. दसऱ्याला टाइपरायटर पुसून, तेलपाणी करून, हार घालून पूजा व्हायची आणि त्या दिवशी मशीनला कोणी हात लावायचा नाही. शिवाय कुठलंही पत्र एक दिवस ठेवून, परत तपासल्याशिवाय बाहेर जायचं नाही. प्रिंटर शेजारीच होता. मी हट्ट धरून नवमीलाच छापून घेतलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. मी हट्ट धरला नाही, कारण मला टीव्ही बघायचा होता.

दसऱ्याच्या सकाळी मी कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून ब्रशने धूळ झाडली. बाबांनीच तसं खुणेने सांगितलं होतं. मध्येच बायकोने तोरण बांधायला हाक मारली. परत येऊन मी झाकण लावलं, स्क्रू पिळले, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. बाबांनी थरथरते हात जोडले. एवढंच झालं होतं.

आणि आता हा बीप.

मी आधी प्लग बदलला. मग स्पाइक बस्टर काढून वायर थेट भिंतीत लावली. पडद्याची केबल दोन्हीकडून काढून, फुंकर मारून परत लावली. मोबाइलवर एका माणसाचा व्हिडिओ लावला. तो हसत हसत सांगत होता, लांब बीप म्हणजे रॅमची तक्रार, रॅमची पट्टी काढा, खोडरबराने घासा, लावा, काम फत्ते. मी झाकण काढलं, ती पट्टी कशीबशी उपसली, बायकोच्या पर्समधल्या खोडरबराने घासली. बोटांना काहीतरी चिकट लागलं, ते मी लेंग्याला पुसलं. पट्टी परत बसवली. बीप चालूच. त्या माणसाच्या हसण्याचा मला इतका राग आला की मी फोन उलटा ठेवला.

एवढ्यात बाबा उठून माझ्या खांद्यावर थापटायला लागले. मी वळलो. त्यांनी अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर ठेवून हवेत दाबल्यासारखं केलं. मग गॅलरीकडे बोट दाखवलं. गॅलरीत आईचं शिवणयंत्र असतं, चादर घातलेलं. पुन्हा ते बोटं दाबणं. पुन्हा गॅलरी.

“बाबा, बसा हो. मला काही कळत नाहीये.”

ते बसले, आणि मी पुढच्या स्क्रूला हात घातला की परत आले. थापट, बोटं, गॅलरी. त्यांच्या गळ्यातल्या भोकातून हवा जोरात यायला लागली होती, घाई झाली की तसं होतं. मला वाटलं दादाला बसायला गॅलरीतली खुर्ची आणा म्हणतायत. साडेनऊ वाजत आले होते, माझ्या हातात तो पंखा की कायसा होता, आणि बाबांनी माझी बाही धरून ओढली.

“तुम्ही जरा गप्प बसाल का!” मी ओरडलो.

ज्या माणसाला आवाज नाही त्याला मी गप्प बसायला सांगितलं. स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. ती एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, निघायच्या तयारीत होती. ती म्हणाली, “अरे, कोणाला बोलतोयस तू?” मी हातातला पंखा परत बसवायला लागलो. बाबा खुर्चीत जाऊन बसले आणि मांडीवर हात ठेवून समोर बघत राहिले. बायकोने त्यांना पाणी दिलं, माझ्याकडे न बघता डबा उचलला आणि गेली.

मी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा लॅपटॉप मागून आणला. निदान बाबांना बोलता तरी येईल. त्या चपट्या बटणांवर त्यांची बोटं घसरत होती आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा उमटत होता. ते मात्र टाइप करत राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले, जणू मला ते वाचता यायलाच हवं. “बाबा, हे इंग्रजी येतंय, याचा काही उपयोग नाही,” मी म्हटलं आणि लॅपटॉप बंद करून परत देऊन आलो.

अकरा वाजता मी कॅबिनेट चादरीत गुंडाळलं आणि रिक्षात घातलं. आम्ही राहतो त्या बेव्हर्ली पार्क भागात कॉम्प्युटरची दोन दुकानं होती, दोन्हींची शटरं दसऱ्यानंतर अजून उघडली नव्हती. रिक्षावाला म्हणाला, केबिन रोडला एक बाई आहे, जुन्या मशीन तीच बघते. रस्त्यात कडेला आदल्या दिवशीच्या झेंडूचा खच पडला होता. मी कॅबिनेट मांडीवर घट्ट धरून बसलो होतो आणि खड्डा आला की रिक्षावाल्याला ओरडत होतो. तो बिचारा आणखी हळू चालवायचा.

बाई पन्नाशीच्या, गुजराती, चष्म्याच्या वर कपाळाला एक छोटा दिवा बांधलेला. माझ्या आधी तिघं जण होते. मी त्या तिघांनाही माझी अडचण सांगितली, माझे वडील बोलू शकत नाहीत वगैरे, आणि माझा आवाज बहुतेक इतका विचित्र झाला होता की त्यांनी मला पुढे जाऊ दिलं. बाईंनी झाकण काढलं, आत वाकल्या आणि हुंगलं.

“भाई, इसमें तेल किसने डाला?”

“तेल?”

“मशीन का तेल. सिलाई मशीन में डालते हैं ना, वो. सूंघो.”

मी हुंगलं. आईच्या शिवणयंत्राचा वास होता. कॅबिनेटच्या तळाशी धूळ आणि तेल मिळून काळा चिखल झाला होता आणि रॅमच्या खाचांत तो शिरला होता.

“दसरे के बाद हर साल आता है,” बाई म्हणाल्या. “किसी ने अक्षत डाला, किसी ने गंगाजल छिड़का. तेल पहली बार देख रही हूँ.”

मग मला सकाळची बाबांची ती बोटं आठवली. अंगठा आणि पहिलं बोट, तेलाची पिचकारी दाबतात तशी. मी तोरण बांधायला गेलो तेव्हा झाकण उघडं होतं. त्यांनी चौतीस वर्षं दर दसऱ्याला जे केलं तेच केलं होतं. गॅलरीत जाऊन आईच्या ड्रॉवरमधून बाटली काढली, मशीनला तेल घातलं, बाटली परत ठेवली. सकाळपासून ते मला तेच सांगत होते. ज्याने सांगायचं तेच बंद पडलं होतं, आणि हातांनी सांगितलं ते मी ऐकलं नाही.

“खांचे धोने पड़ेंगे, सुखाने पड़ेंगे,” बाई म्हणाल्या. “कल शाम को ले जाना.”

“कल नहीं चलेगा. मुझे उसमें से एक फाइल चाहिए. आज. अभी.”

त्यांनी कपाळावरचा दिवा बंद केला आणि माझ्याकडे नीट बघितलं. काही न विचारता हार्ड डिस्क काढली, आपल्या कॉम्प्युटरला जोडली. डिस्क चालली. मला हायसं वाटलं, रडूच आलं खरं तर. बाबांचं फोल्डर सापडलं, नवमीला संध्याकाळी जतन केलेली फाइल सापडली. बाईंनी ती उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं, अर्धविराम, कंस, आकडे, सगळं एकमेकांना चिकटून आलेलं. पानामागून पान तसंच.

“ये कौन सी भाषा है?”

“मराठी.”

“तो फिर फॉन्ट नहीं है मेरे पास. पुराने फॉन्ट में ऐसा ही होता है, गुजराती में भी. नाम बोलो फॉन्ट का, देखती हूँ डिस्क में.”

मला नाव माहीत नव्हतं. दोन वर्षं ते नाव पडद्यावर वरच्या पट्टीत रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी ते एकदाही वाचलं नव्हतं. डिस्कवर तीनशेच्या वर फॉन्ट निघाले, नावं सगळी आकडे आणि इंग्रजी अक्षरांची. बाईंनी एकेक लावून बघितले. कशात चौकोन आले, कशात अर्धवट काने-मात्रा. “घर पे फोन करके पूछ लो ना, जिसने टाइप किया उसको,” त्या म्हणाल्या.

“वो बोल नहीं सकते.” मी हे त्यांना तिसऱ्यांदा सांगत होतो.

दीड वाजून गेला होता. बाईंनी आणखी दोन तास मागितले आणि माझ्याकडे दोन तास नव्हते. मी म्हटलं, ऐसे ही छाप दो. त्यांनी विचारलं, ऐसे ही? मी म्हटलं, हो, ऐसे ही. काय करणार होतो त्याचं, मलाही माहीत नव्हतं. दादाच्या हातात काहीतरी ठेवता यावं, निदान एवढे कागद लिहिले होते हे त्याला दिसावं, एवढंच डोक्यात होतं. सहा पानं निघाली. बाईंनी ती चुरगळू नयेत म्हणून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दिली.

कॅबिनेट दुकानातच ठेवून घरी पोहोचलो तेव्हा अडीच झाले होते. बाबा त्याच खुर्चीत होते. टेबलावर कॅबिनेटची जागा रिकामी, बंद पडद्यापुढे नुसता कीबोर्ड, त्याची वायर खाली लोंबत होती.

“बाबा, तेल घातलंत तुम्ही? कॉम्प्युटरला?”

त्यांनी हात जोडले. मला, म्हणजे स्वतःच्या मुलाला, आणि मान खाली घातली. मी ओरडलो नाही. तो माझा चांगुलपणा नव्हता, मला ताकदच उरली नव्हती. मी फोल्डर त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी पहिलं पान काढलं, ओळींवरून बोट फिरवलं, आणि सावकाश मान डोलावली, बरोबर आहे अशी. मला वाटलं, यांना कळलंच नाही की हा सगळा कचरा छापून आलाय.

दादा यायला तीन वीस झाले. हायवेवर अडकला होता. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. तो दारातच वाकला आणि बाबांच्या पायांना हात लावला. बाबांनी त्याचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. दोघं तसेच उभे. मग दादा म्हणाला, “कसे आहात?” आणि विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं की उत्तर येणार नाही.

मी सकाळपासूनचं सगळं भराभरा सांगून टाकलं, तक्रारीच्या सुरात. तेल, बीप, केबिन रोड, फॉन्ट. “तुझ्यासाठी दहा दिवस टाइप करत होते. हे बघ त्याचं काय झालंय. वाचता येणार नाही.”

दादाने पान हातात घेतलं. थोडा वेळ बघितलं. त्याचे ओठ हलले.

“अरे, हे तर आपलं टायपिंग आहे,” तो म्हणाला. “बटणं आहेत ही. जे बटण दाबलं तेच छापलंय. कीबोर्ड कुठंय?”

बाबांनी आम्हा दोघांनाही टायपिंगच्या क्लासला घातलं होतं. दादाने मराठी चाळीसच्या गतीची परीक्षा पहिल्या फटक्यात दिली होती. मी पंधरा दिवसांत क्लास सोडून क्रिकेट खेळायला जायला लागलो होतो. दादा खुर्चीत बसला, मेलेला कीबोर्ड पुढे ओढला, बोटं ठेवली. पानावरचं एकेक इंग्रजी अक्षर बघायचा, बोट त्या बटणावर न्यायचा, डोळे मिटायचा आणि मराठी अक्षर बोलायचा. “एफ, पहिली वेलांटी. पीवर च. जेवर र.” बोटं चाचपडत होती. “चि... रं... जीव.”

बाबा ताठ बसले. सकाळी त्या लॅपटॉपवर त्यांनी टाइप केलं होतं ते सगळं वाचता येण्यासारखं होतं हे मला तेव्हा कळलं.

दादाला अक्षरं आठवत गेली तशी गती थोडी वाढली, तरी एका शब्दाला अर्धा-पाऊण मिनिट लागत होतं. पुढे काय आहे हे त्याला माहीत नसायचं. शब्द पूर्ण झाला की तो मोठ्याने म्हणायचा. “विषय. तात्पुरत्या... बदलीबाबत.” तो हसला. “बाबा, हे काय, कार्यालयीन पत्र?” बाबा हसले नाहीत. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचीच पत्रं टाइप केली होती. त्यांना पत्र दुसऱ्या कुठल्या प्रकारे लिहितात हे ठाऊक नसावं.

“संदर्भ. नऊ... वर्षांपूर्वीचे... दूरध्वनीवरील... संभाषण.” दादाची बोटं थांबली. मग परत चालू झाली. “सदर संभाषण... रद्द... समजण्यात... यावे.”

त्याने चष्मा काढून बाहीला डोळे पुसले. माझेही भरून आले. मला वाटलं, झालं, पोहोचलं. दिवसभर जे धावलो ते यासाठीच. मी आत जाऊन चहा टाकणार होतो, पण दादाने चष्मा लावून पुढे सुरू केलं आणि मी दारातच उभा राहिलो.

“उपरोक्त विषयास अनुसरून... कळविण्यात येते की... धाकटे चिरंजीव... माझे सर्व... करतात.” दादाने माझ्याकडे बघितलं. “औषधे... वेळेवर... देतात. गळ्याची नळी... स्वतः... धुतात. याबाबत... तक्रार... नाही.” मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला. दादाने हे ऐकावं असं मला फार दिवस वाटत होतं.

“तथापि... ते... थकले आहेत. हल्ली... ते... ओरडतात. ओरडल्यावर... जेवत... नाहीत.” बोटं पुढे गेली, डोळे मिटले. “मला... त्यांची... भी...”

मग त, मग परत दुसरी वेलांटी. समजण्याआधीच त्याच्या तोंडून शब्द निघून गेला होता.

“भीती... वाटते.”

दादा थांबला. बाबा जमिनीकडे बघत होते. मी म्हटलं, “वाच.” तो म्हणाला, “राहू दे.” मी म्हटलं, “वाच म्हणतोय ना!” आणि माझा आवाज चढला, आणि बाबांचे खांदे आत ओढले गेले. मी ते पाहिलं. याआधी कितीदा ओढले गेले असतील, मी पाहिले नव्हते.

दादाने वाचलं, हळू आवाजात. “सबब... मला... चार महिन्यांकरिता... आपल्याकडे... न्यावे. त्यांना... विश्रांती... मिळेल. मी... कमी... जागेत... राहीन.”

पहिलं पान संपायला अजून चार ओळी होत्या. दादाचा फोन वाजला, खाली गाडी आली होती. साडेचार होऊन गेले होते. तो बाबांपुढे उकिडवा बसला आणि त्यांचा हात हातात घेतला. म्हणाला, “बाबा, मी घरी बोलतो. आमच्या दोघांच्या नोकऱ्या, दिवसभर घरात कोणी नसतं. काहीतरी सोय बघावी लागेल. दिवाळीनंतर बघूया, हां?” बाबांनी मान डोलावली. दोनदा, समजूतदारपणे. दादाने सगळी पानं घडी करून खिशात घातली. “विमानात वाचतो. आता आठवतंय सगळं.”

लिफ्टपाशी तो मला म्हणाला, “तू मनाला लावून घेऊ नकोस.” मी म्हटलं, “नाही रे.” लिफ्टचं दार लागलं.

मी परत खोलीत आलो. बाबा पलंगावर जाऊन बसले होते. कीबोर्डची वायर पायात येत होती, ती गुंडाळून आत सरकवावी म्हणून मी खाली बसलो आणि पलंगाखाली मला निळी पिशवी दिसली, आई माहेरी जाताना न्यायची ती. ओढून बघितली. चेन लावलेली होती. उघडली. दोन लेंगे, दोन सदरे, घड्या वाकड्यातिकड्या पण घातलेल्या. गळ्याचे रुमाल सात. नळी धुवायचा छोटा ब्रश. महिनाभराच्या गोळ्या, आधारकार्ड, आईचा फोटो, आणि वर एक टॉवेल. हे सगळं त्या हातांनी भरायला किती दिवस लागले असतील. त्यांना वाटलं होतं, पत्र वाचलं की दादा आजच घेऊन जाईल.

मला रडता येईना. मी मान वर केली. बाबांनी पाय वर घेतले होते आणि भिंतीला टेकून, माझ्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब सरकून, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

मी पिशवीची चेन लावली आणि ती भरलेलीच परत पलंगाखाली ठेवली.